डोक्यावरचा हात

बाबा,

आधी ‘तीर्थरूप’ लिहिलं, मग खोडलं. तसंही हे पत्र पेटीत पडणार नाही.

तुमचा देव आणि तुमचं घर सोडून सहा वर्षं झाली. मी कपडे अल्टर करून देणाऱ्या दुकानात असते. दिवसभर गिऱ्हाइकांच्या पायाशी गुडघे टेकून कडा दुमडते, टाचण्या लावते. हसा खुशाल. पोरगी शेवटी गुडघ्यांवरच आली.

आज एक आजी आल्या. ऑपरेशनमुळे त्यांचा एक पाय आखूड झालाय, म्हणून स्कर्टची कड त्या बाजूला जरा वर घ्यायची होती. तोल सावरायला त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी ताडकन उठले. घरी गुडघे टेकून केलेली प्रार्थना संपली की तुम्ही डोक्यावर हात ठेवायचात, तेव्हाच उठायची मुभा असायची. अंगात मुरलेलं जातंय कुठे?

आजी पडता पडता वाचल्या. म्हणाल्या, “अगं बाई, उठतेस काय? माझं व्हायचंय अजून.”

मी पुन्हा गुडघे टेकले. या वेळी कुणाच्या धाकाने नाही, त्यांची कड सरळ दिसावी म्हणून. हात परत डोक्यावर आला.

दोन मिनिटांचं काम होतं, बाबा. मी मुद्दाम सावकाश केलं.

तुमची,
धाकटी