अर्धी पिवळी

६ फेब्रुवारी

चि. बाबूस,

अ. उ. आ. फोन असताना भावाला पत्रं कसली लिहिता, असं परवा शेजारीण विचारत होती. फोनवर मी तुला बोलूच देत नाही अशी तुझी तक्रार आहे, म्हणून हा तोडगा, असं तिला सांगितलं. तिला ते लगेच पटलं, याचं मात्र मला वाईट वाटलं.

आता बातमी. बसून वाच. मामाच्या पिवळीला गिऱ्हाईक मिळालंय. मामा गेला तेव्हा गाडी आपल्या दोघांच्या नावे अर्धी-अर्धी ठेवून गेला. ती चालवायची नाही, झाकून ठेवायची, असं मी त्याच दिवशी तुला बजावलं होतं. नऊ वर्षांत तिची किंमत तिपटीवर गेलीय. जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांचं गणितच असं आहे. जितकी कमी चाललेली तितकी महाग. गाड्यांच्या किमती ठरवण्यातच माझा जन्म गेला, त्यामुळे हे मी काही हवेत बोलत नाही.

गिऱ्हाईक म्हणजे एक संग्राहक आहेत. त्यांच्याकडे अकरा गाड्या आहेत, आपली बारावी. माझ्या सही-शिक्क्याचा दाखला त्यांना पाठवलाय. स्थिती उत्तम, एकाच घराण्यातली, धाव फक्त एकतीस हजार चारशे बारा किलोमीटर. नवीन वर्षाला तू मीटरचा फोटो पाठवलास, तो बघून आकडा भरला. मार्चअखेर गाडी ते घेऊन जातील.

माझ्या वाट्यात मी ऑफिस दोन वर्षं आधी बंद करू शकते. तुझ्या वाट्यात तुझ्या चष्म्याच्या दुकानाला काचा घासायचं नवं यंत्र येईल. तोवर गाडी फक्त पूस. आमच्या भावजयबाईंना आशीर्वाद सांग. माया आहेच, ती पत्रातून कळवत जा.

तुझी,
ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून आधी आनंद झाला, मग जेवण गेलं नाही, मग गॅरेजमध्ये जाऊन बसलो. तुझ्या भावजयीने तीन वेळा हाका मारल्या. खोटं कशाला बोलू, पिवळी जाऊ नये असंच वाटलं. पण गाडी तुझीही आहे आणि एवढी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांखाली वाकून तुझी पाठ गेलीय. तू म्हणतेस तर विकू. माझा होकार धर.

धावेची अजिबात काळजी करू नकोस. तू दाखल्यात जो आकडा लिहिलास तोच गाडी नेतानाही असेल, एकाने इकडे-तिकडे नाही. त्याची व्यवस्था मी चार वर्षांपूर्वीच करून ठेवलीय. तुला सांगायचं राहिलं, ते आता सांगतो.

पहिली पाच वर्षं मी तुझं अक्षरशः ऐकलं. मग एकदा गाडी सुरूच होईना. मिस्त्री म्हणाले, उभी गाडी मरते, तिला हप्त्यातून एकदा तरी पळवा. त्यांनी दुरुस्तीसाठी मीटरची केबल काढली होती. पहिल्या रविवारी मी तशीच चालवून आणली आणि आल्यावर बघतो तर आकडा जागच्या जागी! मी मिस्त्रींना म्हटलं, केबल राहू दे बाहेरच. तेव्हापासून दर रविवारी सकाळी ही आणि मी खिंडीपर्यंत जाऊन येतो. गाडीही धावली, आकडाही वाढला नाही, तुझंही राहिलं आणि माझंही. हाताला धरून शिकवलं असतं तरी मला इतकं चांगलं सुचलं नसतं.

केबल काढल्यापासून वेगाचा काटाही बंद आहे, पण त्याचं काही अडत नाही. ही डोक्याचा रुमाल धरायला लागली की मी पाय सैल सोडतो. तब्येत जप. या धाकट्यावर तुझी छाया राहू दे.

तुझा,
बाबू

१८ फेब्रुवारी

चि. बाबू,

आशीर्वाद कागदाच्या शेवटी देईन, उरले तर.

अरे, तू काय करून बसलायस ते तुला कळतंय का? मीटरची केबल काढून गाडी चालवणं आणि ती कमी चाललेली म्हणून विकणं, याला आमच्या धंद्यात फसवणूक म्हणतात. असल्या लबाड्या पकडण्याचेच मला तीस वर्षं पैसे मिळाले. कितीतरी सराईत विक्रेत्यांची मी बोलती बंद केली आणि माझ्याच दाखल्यावर खोटा आकडा बसलाय, तोही माझ्या हस्ताक्षरात!

आणि चूक माझीही आहे, म्हणून जास्त चीड येते. आजपर्यंत एकही गाडी मी स्वतः खाली वाकून बघितल्याशिवाय दाखला दिला नाही. हा एकच दिला, कारण फोटो भावाने पाठवला होता. तुझ्यावर मी संशय घेतला नाही रे. लहानपणी बरणी फोडलीस की पळत येऊन सांगणारा तू.

दाखला मी रद्द केलाय. पण तेवढ्याने भागत नाही. संग्राहकांकडे तू स्वतः जायचंस आणि सगळं खरं सांगायचंस. किती किलोमीटर झाले ते मोजून सांगायचंस. मी फोन करणार नाही, तूही करू नकोस. केलास तर काय बोलेन याचा भरवसा नाही.

आशीर्वाद आहेत. थोडे.

ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र चार वेळा वाचलं. मला खरंच कळलं नव्हतं गं. मला वाटलं होतं, मी तुझे पैसे राखतोय. लोकांना डोळे उघडून बघायला लावणारा माझा धंदा, आणि हे एवढं ढळढळीत मला दिसलं नाही. तुझ्या नावाला माझ्यामुळे बट्टा लागला असता, हे आत्ता कळतंय.

काल संग्राहकांकडे जाऊन आलो. चार वर्षांत पावसाचे आणि आजारपणाचे रविवार सोडून एकशे सत्तर फेऱ्या, एका फेरीचे बेचाळीस, म्हणजे सात हजार एकशे चाळीस किलोमीटर, असं कागदावर लिहून त्यांच्या हातात दिलं. माणूस सभ्य आहे. ओरडले नाहीत. ताईला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे मी सांगायच्या आधी तेच म्हणाले, कारण दाखला रद्द केल्याचं तुझं पत्र माझ्या आधी पोचलं होतं. पण ते फक्त कमी चाललेल्या आणि मीटरची नोंद चोख असलेल्या गाड्या घेतात. पिवळी द्यायचीच असेल तर ठरल्याच्या तिसऱ्या हिश्शात घेईन, म्हणाले.

मग मला त्यांचं दालन दाखवलं. चारी बाजूंनी काच, आत गारवा, अकरा गाड्या चकचकीत. बॅटऱ्या काढून ठेवलेल्या. यातल्या कुठल्या गाडीत शेवटचे कधी बसलात, असं मी सहज विचारलं. बसल्याने सीटचं कातडं चुरगळतं, असं म्हणाले.

ताई, मी ठरवलंय. तिसरा हिस्सा तर तिसरा हिस्सा, गाडी देऊन टाकू आणि ते सगळे पैसे तू घे. माझा अर्धा भाग मी सोडतो. ठरल्याप्रमाणे ऑफिस बंद कर. तसा कागद सही करून सोबत पाठवलाय. मला एवढ्यावर सुटका दे आणि पूर्वीसारखं रागवत जा, हे असं गप्प नको.

बाबू

२ मार्च

ती. वन्संना,

सा. न. मी कधी लिहीत नाही, तेव्हा अक्षराला हसू नका. यांना न सांगता लिहितेय.

यांनी सही केलेला कागद तुम्हाला मिळाला असेल. त्यावर लगेच काही करू नका, एवढीच विनंती. चूक यांची आहेच. मीही दर रविवारी शेजारी बसून वारा खात होते, म्हणजे निम्मी माझी धरा.

पण एक गोष्ट यांनी तुम्हाला कळवलेली नाही. यांचे गुडघे गेलेत. पिवळी किती बुटकी आहे तुम्हाला ठाऊकच आहे. आत बसणं जमतं, उठणं जमत नाही. खिंडीवरून आलो की मी आधी उतरते, समोर उभी राहते, दोन्ही हात धरते आणि तीन म्हटलं की ओढते. एकदा दोघंही गवतावर पडलो आणि उठायचं सोडून हसत राहिलो. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं, फार तर तीन. मग अशा गाडीत बसायचं विसरा.

तुम्ही म्हणता दरवर्षी गाडीची किंमत वाढते. वाढत असेल. यांचं मात्र दरवर्षी एकेक वर्ष कमी होतंय. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही वन्सं, मला दुसरं कसं लिहायचं ते कळलं नाही. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या.

तुमची,
भावजय

१६ मार्च

चि. बाबूस,

अ. उ. आ., यावेळी पहिल्यासारखे पूर्ण.

घरी नीट पोचले. तुमच्याकडचे दोन दिवस अजून अंगात आहेत, पाठीतही आहेत. मी अचानक दारात उभी राहिले तेव्हा तुझा जो चेहरा झाला, त्यासाठी भाडं वसूल. मिस्त्रींना मी मीटरची केबल लावायला सांगितली तेव्हा ते माझ्या नजरेला नजर देत नव्हते. बरं झालं, थोडा धाक असू दे. नवा दाखला केलाय. त्यात तुझे सात हजार एकशे चाळीस मिळवलेत, आकड्याखाली कारणही लिहिलंय, आणि यावेळी खाली वाकून सगळी गाडी बघून सही केलीय.

आता जे तोंडाने बोलता आलं नाही ते लिहिते. तीस वर्षांत मी हजारो गाड्या तपासल्या. दार उघडायचं, आकडा लिहायचा, दार लावायचं. हौस म्हणून एकही चालवली नव्हती. रविवारी खिंडीच्या शेवटच्या वळणावर तू म्हणालास, ताई, तिसरा गिअर टाक आणि घाबरू नकोस. मी टाकला. गाडीने जी उडी घेतली, तेव्हा मी एकसष्ट वर्षांची बाई ओरडले, आणि तू माझ्याहून मोठ्याने ओरडलास. घरी आल्यावर तुझी बायको म्हणाली, तुमचे दोघांचे घसे बसलेत. मला लाज वाटली नाही. एवढी खूश मी शेवटची कधी होते, ते आठवून बघितलं. आठवलं नाही.

संग्राहकांना नको म्हणून कळवलंय. तुझा सही केलेला कागद फाडला. ऑफिस बंद करायला आणखी दोन वर्षं लागतील, तर लागू देत. पण आठवड्याचे सगळे दिवस काही मी आता तिथे बसणार नाही. सोमवार ते बुधवार काम, बास.

आणि आता कान देऊन ऐक. अर्धी गाडी माझी आहे. आजवर मी तिचा अर्थ अर्धे पैसे असा धरून बसले होते. तो माझा मूर्खपणा. मला माझे अर्धे दिवस हवेत. गुरुवारी दुपारी मी येणार, रविवारी परत जाणार. रविवार दोघांचा, जाताना तू चालव, येताना मी. गाडी दोन सीटची आहे, तेव्हा तुझ्या बायकोने आणि मी आळीपाळीने घरी राहायचं, हे आमचं ठरलंय, तुला विचारलेलं नाही.

गुडघ्यांचं मला कळलंय. कुणी सांगितलं ते विचारायचं नाही. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं, रोज वापर. ती संपली की तू शेजारी बस, मी चालवीन. उतरवायला आम्ही दोघी आहोत, एकेक हात धरू आणि ओढू.

येत्या गुरुवारी तीनच्या गाडीने येतेय. माया वाढती ठेव आणि टाकी भरून ठेव.

तुझी,
ताई