फाटकावरचा चहा

किलब्रॅक बराकी, शिपायांची घरं
१२ नोव्हेंबर १९८९

ति. कोलमनदादास,
धाकट्या बहिणीचा नमस्कार. तुझ्या सार्जंटच्या फितींना वेगळा करत नाही, त्यांना दिवसभर पुरेसे मिळतात.

तू लेबनॉनच्या टेकड्यांवर शांतता राखायला गेलास आणि इकडे आमची अशांतता सुरू झाली. आमच्या लेकीची, उनाची, छाती पुन्हा भरली आहे. भिंतीवरची ओल उतरत उतरत तिच्या पलंगापर्यंत आली. झोपली की पोरीच्या छातीत मांजर घुरघुरतं. डॉक्टर म्हणाले, घर बदला. फिन्टनने तसा अर्ज केला, तर कॅप्टनसाहेब म्हणाले की खिडक्या उघड्या ठेवत जा. आयर्लंडात, नोव्हेंबरात! शेजारी ब्रॉफींकडेही तीच ओल आणि तोच खोकला. पण दोघे नवरे मिळून साहेबांकडे जाऊ शकत नाहीत. तुमच्या कायद्यात एकाने मागितलं तर ती विनंती, दोघांनी मागितलं तर ते बंड.

म्हणून आता बायका मागणार आहेत. आम्ही सैन्याची शपथ घेतलेली नाही. घेतली ती देवळात, आणि तिच्यात गप्प बसायचं कलम नव्हतं. दर रविवारी फाटकाबाहेर फलक घेऊन उभं राहायचं ठरलं आहे. मागणी एकच : शिपायांना त्यांच्या वतीने बोलणारी माणसं त्यांची त्यांना निवडू द्या. कॉनसेप्टा ब्रॉफी पुढारी झाली आहे. फिन्टनला सांगितलं, तर म्हणाला की आपण काही ऐकलेलं नाही. आणि मग बसून माझ्या फलकाची काठी तासून दिली, हाताला कुसळ लागू नये म्हणून.

कळावे. लोभ कर, निदान कायद्यात बसेल तेवढा.
तुझी डिम्फ्ना


दक्षिण लेबनॉन
३ डिसेंबर १९८९

चि. डिम्फीस,
आशीर्वाद, आणि सोबत एक कानपिचकी.

तुझं पत्र मी चौकीबाहेर जाऊन, शेळ्यांच्या कळपात उभं राहून वाचलं. शेळ्या विश्वासू असतात. बाय गं, सैन्य म्हणजे काही दूध डेअरी नव्हे, की आज संप केला आणि उद्या लोणी जास्त काढलं. आपले बाबा सारा जन्म त्याच फाटकातून आत-बाहेर करत होते. पोटात दुखलं तरी चकार शब्द काढला नाही. आणि त्यांची लेक त्याच फाटकासमोर फलक नाचवणार! ती कॉनसेप्टा तर लग्नाच्या जेवणातसुद्धा वाढप्यांशी भांडली होती. तिचं सोड, तू तरी विचार कर.

फिन्टनरावांना सांभाळ. घरी ते माझे मेहुणे म्हणून मी त्यांना मान देतो, बराकीत मी सार्जंट म्हणून ते मला देतात. असं आमचं छान जमलेलं आहे. तुला म्हणून सांगतो, कंपनी सार्जंटच्या जागेसाठी माझं नाव वर गेलं आहे. अशा वेळी आपल्या घराचं नाव फलकावर दिसू नये, एवढंच.

उनासाठी इथला ऑलिव्हच्या तेलाचा साबण पाठवतो. पोरीला सांग, मामा खायचा म्हणून पाठवत नाहीये.

थोरल्याचं ऐकावं, लोभ आपोआप वाढतो.
तुझा कोलमन


किलब्रॅक
२२ जानेवारी १९९०

ति. दादास,
नमस्कार. आज थट्टेला जागा कमी आहे, तरी जमेल तिथे करते.

आधी बाबांचं. पोटात दुखलं तरी बोलले नाहीत, खरं आहे. म्हणून तर पोटाच्याच दुखण्याने गेले.

आता आमचं. गेल्या रविवारी फाटकावर आम्ही उभ्या होतो. कोणाजवळ बाबागाड्या, कोणाजवळ छत्र्या, आणि वरून पाऊस की गारा हे त्याचं त्यालाच ठरत नव्हतं. पहाऱ्यावर नेमका फिन्टन. बायकांशी एक शब्द बोलायचा नाही असा हुकूम होता. तो बोलला नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आत गेला, पहारेकऱ्यांच्या शेगडीवरची मोठी किटली आणि पेले घेऊन बाहेर आला आणि सगळ्यांना चहा ओतून दिला. कॉनसेप्टाला साखर जास्त लागते, ती न विचारता घातली. किटली आत ठेवली आणि पुन्हा बंदूक घेऊन जागेवर उभा राहिला.

त्याच्यावर आरोप ठेवला आहे : पहारा सोडला, आणि सरकारी चहा देऊन निदर्शनांना पाठिंबा दिला. मी विचारलं की बाबा रे, असं का केलंस? तर म्हणाला, हुकूम न बोलण्याचा होता, चहाचं त्यात काही नव्हतं. त्याच्या आईच्या दारात जप्तीवाला भिजत उभा राहिला तर त्यालाही आधी चहा मिळतो. त्या घरात वाढलेल्या माणसाला आपण काही केलं असं वाटतच नाही रे.

मार्चअखेर त्याची नोकरीची मुदत संपते. शेरा वाईट पडला तर ती वाढणार नाही, आणि नोकरी गेली की हे घरही गेलं. सुनावणी वीस फेब्रुवारीला आहे. त्याच्या बाजूने बोलायला कोणाला सोबत नेता येत नाही, पण ज्याच्या हाताखाली काम केलं त्या सार्जंटचं लेखी मत वाचलं जातं. तो सार्जंट तू. लेबनॉनच्या मागच्या खेपेला तू तापाने पडलास, तेव्हा तुझे पहारे कोणी दिले ते मी लिहीत नाही. तुझ्या स्मरणशक्तीला एवढं तरी काम असावं. चार ओळी पुरेत : हा पहारा सोडणारा माणूस नव्हे. दादा, आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. एकटीनेच मागते आहे, तेव्हा बंड होत नाही.

वाट पाहणारी,
डिम्फ्ना


दक्षिण लेबनॉन
५ फेब्रुवारी १९९०

चि. डिम्फीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. फिन्टनरावांनी हे काय करून ठेवलं! चांगुलपणालाही वेळकाळ असतो. असो. तू काळजी करू नकोस. आमचे मेजर सध्या इथेच आहेत. योग्य वेळ बघून त्यांच्या कानावर घालतो, मग लिहितो. अशा गोष्टीत घाई केली की काम बिघडतं, आणि शब्दही जपून वापरावे लागतात. लिहायला घेतलंच आहे म्हण ना. साहेबलोक मनाने वाईट नसतात, एका किटलीसाठी कोणाचा संसार मोडत नाहीत.

इथे बदामाला फुलं आली आहेत. काल एका म्हातारीने आम्हा सगळ्यांना गरम भाकऱ्या आणून दिल्या. नको म्हटलं तर रागावली. उनाला साबण आवडला असेल, म्हणून आणखी दोन वड्या आजच्याच टपालाने पाठवतो आहे.

धीर धर, लोभ आहेच.
तुझा कोलमन


किलब्रॅक
४ मार्च १९९०

ति. दादास,
नमस्कार.

साबण आला. दोन्ही वड्या, सुनावणीच्या चार दिवस आधी. सोबत दुसरं काही नव्हतं.

फिन्टन बूट चमकवून गेला होता. त्याच्याविषयी कोणी काही लिहून पाठवलं आहे का, असं साहेबांनी विचारलं. कारकुनाने फाइल चाळली आणि मान हलवली. मग फिन्टनला विचारलं की तुला काही सांगायचं आहे का. तो म्हणाला, नाही साहेब. घरी येऊन मला म्हणाला की टपालाचं काही खरं नसतं, कोलमनला बोल लावू नकोस.

मुदत वाढवली नाही. वर्तन समाधानकारक नाही असा शेरा आहे. महिनाअखेर घर रिकामं करायचं आहे. तेव्हा उनाची खोली बदलून मिळाली म्हणायची.

सामान बांधायचं आहे, इथेच थांबते.
डिम्फ्ना


किलब्रॅक
१९ मे १९९१

चि. डिम्फीस,
आशीर्वाद. वर्षभरात तुझं पत्र नाही. रागावली आहेस, हे कळण्याइतका मी मठ्ठ नाही. त्या वेळी रस्त्यावर गोळीबार होता, टपालाच्या गाड्या अडकत होत्या, हे तुला कुठून कळणार?

बातमी अशी की कायदा झाला! शिपायांना आपली संघटना काढता येईल, प्रतिनिधी निवडता येतील. संप करायचा नाही, पण टेबलाच्या पलीकडे बसून बोलायचं. तुम्ही बायकांनी ते घडवलं, मी सर्वांसमोर तसं म्हणणार आहे. आणि किलब्रॅकच्या पोरांनी प्रतिनिधी म्हणून निवडलं कोणाला? तुझ्या भावाला! कंपनी सार्जंट आहे, साहेबांना तोंड देईल म्हणाले. एकही मत विरोधात नाही.

नऊ जूनला पहिली सभा आहे. तू आणि फिन्टनरावांनी पुढच्या रांगेत बसावं अशी माझी फार इच्छा आहे. मेहुण्यांना सभासदच करून घेणार होतो, पण नियम आड येतो. नोकरीत असलेल्यांनाच घेता येतं. पाहुणे म्हणून मात्र यावंच. सभेत काय बोलावं तेही सुचव. तुझी जीभ माझ्यापेक्षा तिखट आहे.

उत्तराची आणि लोभाची वाट पाहतो.
तुझा कोलमन


ग्लेनबॅरा, सासूबाईंचं घर
२ जून १९९१

ति. दादास,
नमस्कार. निवडून आलास, अभिनंदन.

आम्हाला येता येणार नाही. फिन्टन कॉव्हेन्ट्रीत विटा वाहतो. नाताळात आला होता, आता ऑगस्टात येईल. उनाची छाती इथे चांगली आहे, घर कोरडं आहे. तिचे बाबा घरी असायचे तेव्हा खोकला यायचा, असं तिने तिच्या मनाने ठरवून टाकलं आहे. म्हणून हल्ली मुद्दाम खोकून बघते.

फिन्टन रविवारी वाण्याकडच्या फोनवर बोलतो. तिथे कामावर पहिल्याच दिवशी एक माणूस त्याच्याजवळ आला म्हणे. मी इथल्या युनियनचा, काही अडचण आली तर मला सांगायचं, असं म्हणाला. फिन्टन ताठ उभा राहिला आणि त्याने त्याला सॅल्यूट ठोकला. सगळे खूप हसले. फिन्टनही हसला. मला सांगतानाही हसत होता.

सभेत काय बोलायचं म्हणून विचारतोस. ते मला सुचणार नाही. तुला पुष्कळ बोलता येतं. एवढंच सांगते : कोणाची तरी बायको तुला लिहील. तेव्हा योग्य वेळ बघत बसू नकोस, जेवत असलास तरी हातातलं ताट ठेव आणि ऊठ.

तुझी बातमी मी फिन्टनला सांगितली. फोनवर बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत होती, मला वाटलं नाणी संपली. मग म्हणाला की फार छान झालं, कोलमनचा आवाज खणखणीत आहे, मैदानाच्या पार टोकापर्यंत पोचतो, असाच माणूस पाहिजे. आणि हे त्याला नक्की कळव, असंही म्हणाला.

ते कळवलं.
डिम्फ्ना