जाळी काढलेला सायलेन्सर

सोलापूर,
१८ ऑक्टोबर २०२५, शनिवार

फुलाअक्का,

सिदाचा नमस्कार. मायन्यात 'सौ.' लिहायला हात गेला आणि तितंच अडला, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. वाईट वाटून घेऊ नको. हितं आमी सगळे धडधाकट हाय. तिकडचं विचारायला तोंड न्हाय, तरी विचारतो. राजनंदिनीचा अभ्यास कसा चाललाय? मेंढरं आता कोण राखतंय? दाजींची ती शिंगमोडकी बकरी अजून सगळ्यांच्या पुढंच चालती का?

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू 'बोल की रं सिदा' म्हणलीस की माझ्या तोंडाला कुलूप बसतं. मग मी जेवलीस का, पाऊस हाय का, असलं कायतरी विचारतो आणि ठेवून देतो. म्हणून लिहितोय. शेजारची गुरम्मा बांगड्या घेऊन मंद्रूपच्या बाजाराला येती, तिच्या हाती देतो. पत्र तू स्वतः वाच. तुला वाचायला वेळ लागतो, लागू दे. राजनंदिनीच्या हातात देऊ नको.

हितलं काय सांगू. नळाला पाणी कधी येतं ते नळालाच माहीत. यंदा फराळ केला न्हाय. शेजारणीनं ताट दिलं ते तुझ्या भावजयीनं घेतलं, पण कुणी हात लावला न्हाय. गॅरेज चालू हाय. विजापूर रोडला आता माझ्या शेजारीच दोन नवीन गॅरेजं झालीत, त्यांची पोरं दिवसभर मोबाईलवर गाणी लावून बसत्यात. गिऱ्हाईक मात्र त्यांच्याकडंच जातं.

तू दर फोनला विचारतीस, त्या आवाजवाल्या गाडीचं काय कळलं का. म्हणतीस, सिदा, सोलापुरातली बुलेट तुला कळल्याशिवाय कशी जाईल. मी म्हणतो, शोधतोय अक्का. चार महिने मी शोधतोयच.

हा धंदा कसा चालतो ते तुला कधी सांगितलं न्हाय. पोरगं नवी बुलेट घेतं. कंपनीचा सायलेन्सर त्याला मिळमिळीत वाटतो. मी तो काढतो आणि दुसरा बसवतो. त्या दुसऱ्याच्या पोटातली जाळी मी काढून टाकलेली असती, म्हणजे आवाज धडाधडा बाहेर पडतो. चालत्या गाडीची चावी बंद करून परत चालू केली की बंदुकीसारखा बार निघतो. त्याला ते फटाका म्हणत्यात. कायद्यात हे बसत न्हाय, मला पहिल्या दिवसापासून ठावं हाय. पण असले सायलेन्सर दुकानात उघड्यावर टांगलेले असत्यात, विकत मिळत्यात, मग एकट्या सिदानं काय घोडं मारलंय, असं मी म्हणायचो. पोलिसांनी पकडलं की दंड होतो आणि कंपनीचा बसवून गाडी दाखवावी लागती. म्हणून कंपनीचे सगळे सायलेन्सर माझ्या भिंतीवर खिळ्याला टांगलेले. प्रत्येकावर खडूनं गिऱ्हाइकाचं नाव. पोरगं पळत येतं, मामा लवकर बसवा म्हणतं, मी बसवतो. आठवड्यानं तेच पोरगं परत येतं आणि मी परत काढतो.

दाजी एकदा गॅरेजला आले होते, आठवतंय? लोकर विकायला आलेले. चहा घेता घेता म्हणाले, "सिदा, ह्यो आवाज रस्त्यानं गेला की मेंढरं सैरभैर हुत्यात रं. मागल्या महिन्यात दोघींनी गाभ टाकला." मी काय म्हणालो असेन? "दाजी, मेंढरांच्या कानात कापूस घाला की." ते हसले. त्यांना राग कधी यायचाच न्हाय. कपात उरलेला चहा पिऊन उठले आणि म्हणाले, चल, एस्टी चुकंल.

आता झोप येती. उरलेलं उद्या लिहितो.

रविवार

झोप आली नव्हती, अक्का. भ्यालो होतो. काल इथवर लिहून कागद उशीखाली ठेवला आणि तुझ्या भावजयीला सांगितलं की पत्र झालं.

आता सरळ लिहितो.

त्या दिवशी सांजच्या साडेपाचला जुळे सोलापूरचा विरेश आला. ऑफिसात नोकरीला असलेल्या बापाचं एकुलतं एक पोरगं, कायम मामा मामा करणारं. तोंड पांढरं पडलेलं. म्हणाला, "मामा, चौकात चेकिंग चाललंय, पटकन ओरिजिनल बसवा." मला त्यात नवं काय वाटणार. भिंतीवरनं त्याच्या नावाचा काढला. गाडीचा सायलेन्सर इतका तापलेला की हातमोजा असून मनगटाला लागला. एवढी गाडी तापायला पोरगं कुठनं आलं, हे मी विचारलं न्हाय. शेवटचा नट आवळत होतो आणि राजनंदिनीचा फोन आला. मामा, बाबांना टेम्पोनं उडवलं, लवकर ये. मी पाना तिथंच टाकून निघालो. विरेशला म्हणालो, दाजींचा अपघात झालाय, तू जा. तो गेला.

तितं तू माझा हात बघितलास. दाजी अंगणात ठेवलेले, बाया रडत होत्या, आणि तू मला विचारलंस, हाताला काय झालं रं. मी म्हणालो, वेल्डिंग करताना. तू उठून कोरफड कापलीस आणि लावलीस. तो डाग अजून हाय. ज्या सायलेन्सरच्या आवाजानं दाजींची मेंढरं बिथरली त्याचाच तो चटका होता, अक्का. त्या वेळी मला माहीत नव्हतं. हे एवढं तरी खरं मान.

कळलं चौथ्या दिवशी. टेम्पोवाला, कुंभारीचा शिवानंद, पोलिसांना सांगत होता की बुलेटवाल्यानं मेंढरांजवळ फटाका मारला, सगळा कळप माझ्यापुढं आला, आणि मेंढक्या त्या पुढच्या बकरीला वळवायला धावला. मला ब्रेक लावायला जागाच न्हाय राहिली, म्हणाला. गाडीच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे त्यानं सांगितले. त्या आकड्यांच्या ज्या बुलेटी निघाल्या त्यांत विरेशची पण होती. पोलिसांनी त्याला बोलावलं, गाडी तपासली. कंपनीचा सायलेन्सर. आवाज एकदम गुमान. कागदावर तसं लिहिलं गेलं आणि शिवानंद खोटारडा ठरला. तू पण त्याला खोटारडा म्हणालीस. त्याची आई तुझ्या दारात आली तेव्हा तू तिला पाणीसुद्धा विचारलं न्हाईस. मी ओट्यावर बसून बघत होतो.

आणि मग दहावा.

बिरोबाच्या देवळात तू सगळ्यांना बोलावलंस. ज्याच्या ज्याच्याकडं असली गाडी हाय त्यानं देवापुढची हळद, भंडारा उचलून शपथेवर सांगावं, मी न्हवतो म्हणून. गावातल्या पोरांनी एकेकानं उचलला. मागनं कुणीतरी बोललं की सिदाकडंच या गाड्या जात्यात, त्याला ठावं असणार. तू चवताळून उठलीस. म्हणालीस, माझा भाऊ हाय त्यो, त्याला कोण विचारतंय ते पुढं या. कुणी पुढं आलं न्हाय. कुणी मला विचारलं नव्हतं. तू तर हात धरून मला मागं ओढत होतीस. तरी मी पुढं गेलो, भंडारा उचलला आणि म्हणालो, ती गाडी कुणाची ते मला ठावं न्हाय. कपाळाला लावला. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस.

का उचलला ते चार महिने स्वतःला विचारतोय. गॅरेज बंद पडंल म्हणून भ्यालो, हे हायच. पण तेवढ्यासाठी गप्प बसलो असतो तरी भागलं असतं. तू 'माझा भाऊ' म्हणालीस आणि मला वाटलं, हे आपल्या हातनं जाऊ नये. म्हणून खोटं बोललो. यात शहाणपणा काय ते मला पण सापडत न्हाय.

तो काढलेला सायलेन्सर माझ्याकडंच होता. जाळी काढलेल्या प्रत्येकावर मी बुडाला वेल्डिंगचे दोन ठिपके देतो, माझ्या हाताची खूण म्हणून. ठिपके होते, खडूनं विरेशचं नाव पण होतं. तो उचलून चौकीत नेला असता तर शिवानंद सुटला असता आणि तुला गाडी कळली असती. गणपतीच्या आधी पोलिसांची मोहीम निघाली. गॅरेजवाल्यांना दम दिला, असले सायलेन्सर आणून द्या न्हायतर गुन्हा दाखल करतो. मी पोत्यात भरून सगळे नेऊन दिले. त्यातच तो दिला, नाव पुसून. मैदानात रांगेनं मांडले आणि वरनं रोड रोलर फिरवला. लोक मोबाईलवर काढत होते. मी पण उभा होतो. रोलर त्याच्यावरनं गेला तेव्हा मला हलकं वाटलं. हे तुला लिहायला नको होतं, पण वाटलं.

गेल्या आठवड्यात मी चौकीत गेलो. सगळं सांगितलं. हवालदार माणूस वाईट न्हवता. त्यानं विचारलं, "सायलेन्सर कुठाय?" म्हणालो, तुमीच रोलरखाली घातला. "बसवल्याची पावती?" आमी पावत्या देत न्हाय. "बसवताना कुणी बघितलं?" कुणी न्हाय. मग तो म्हणाला, "मयताचा मेव्हणा तुम्ही. चार महिन्यांनी येऊन सांगताय. उद्या कोर्टात म्हणतील, तुम्ही सगळ्यांनी मिळून जुळवलंय. आणि समजा खरं धरलं, तरी मोठ्या आवाजाचा दंड आहे, तो भरून घेतील." मी लिहून दिलेला कागद त्यानं घेतला. कुठल्या फायलीत घातला ते बघितलं न्हाय.

विरेशच्या घरी पण गेलो. पोरगं पुण्याला नोकरीला गेलंय, गाडी विकली. बाप म्हणाला, "बसवून तुम्हीच दिलात ना? मग कोणाकोणाचं नाव घ्यायचं ते ठरवा." दार हळूच लावून घेतलं. त्यानं चुकीचं काय सांगितलं ते मला पण सापडलं न्हाय.

शिवानंदला भेटायला कुंभारीला गेलो होतो. मालकानं त्याला टेम्पोवरनं काढलाय, केस चालू हाय तोवर दुसरा कुणी गाडी देत न्हाय. दुसऱ्याच्या रानात खुरपं घेऊन तूर भांगलत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि परत खाली वाकला. एवढंच म्हणाला, "तवा सांगायचं व्हतं की." अक्का, त्याला शिव्याशाप देऊ नको. त्याच्या आईला एकदा निरोप धाड. माझ्याच्यानं होण्यासारखं एवढंच उरलंय, तुला हे सांगणं.

जाळी काढायचं मी बंद केलंय. त्यानं काय फरक पडला न्हाय, शेजारची दोन्ही गॅरेजं तेच करत्यात. आणि माझ्या हातचे कितीतरी आधीच रस्त्यावर हायत. हे लिहिताना आता एक गेली. माझाच हात. मला आवाजावरनं कळतं. मंद्रूपच्या बाजूला गेली.

बीजेला तू येणार म्हणालीस. यंदा वाईट वर्ष हाय तरी सिदाला ओवाळायचं चुकवणार न्हाय म्हणालीस. येऊ नको. तू ताट धरशील, कपाळाला बोट लावशील, आणि त्याच कपाळाला मी काय लावलंय ते तुला माहीत असंल. मला ते सोसणार न्हाय आणि तुला तर न्हायच न्हाय. राजनंदिनीला मामाकडं यायचं असंल तर तिला काय सांगायचं ते तू ठरव.

दाजींचं घोंगडं तू मला दिलं होतंस, त्यांची आठवण म्हणून. ते गुरम्माबरोबर परत धाडतोय. घरात न्यायचं धाडस झालं न्हाय म्हणून गॅरेजात भिंतीच्या खिळ्याला टांगलं होतं. थोडा ऑईलचा वास लागलाय. दोनदा धुतलं, गेला न्हाय.

खोटा भंडारा उचललेला,
सिदा