फाउलचं पिस्तूल

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, पण मनातून अगदी आडवा आहे.) तुझी कंबर आता कशी आहे? फोनवर तू ‘जरा घसरले’ एवढंच म्हणालीस. तुझी शेजारीण म्हणाली, की न्हाणीघराची कडी आतून लागलेली होती आणि दार उघडायला सुतार आणावा लागला. यावर मी काहीच बोलणार नाही. बोलायला गेलं की तू ‘बरं, ठेवते’ म्हणून फोन ठेवतेस. म्हणून तर पत्र लिहिते आहे. पत्राला मधेच थांबवता येत नाही.

मी खुशाल आहे. फक्त गेले काही महिने बाबांच्या पिस्तुलाच्या परवान्यामागे लागले आहे. नवा नियम असा, की घरात जुनं शस्त्र असेल, चालतं असो की मेलेलं, तर जुन्या शस्त्रांच्या संग्राहकाचा परवाना काढायचा, नाही तर ते जमा करायचं. जमा केलेलं भट्टीत जातं. भट्टीतून पुढे त्याचं काय होतं असं मी कचेरीत विचारलं, तर कारकून म्हणाला, बिजागऱ्या. कुठल्या दाराच्या, ते मी विचारलं नाही. त्याच पावली अर्ज घेऊन आले. बाबांचं पिस्तूल कोणी उघडबंद करत राहणार असेल, तर ते माझ्या डोळ्यांदेखत तरी नाही.

अर्ज द्यायला जाताना पिस्तुलाची पेटी पिशवीत मावेना, म्हणून पिस्तूल एकटंच हात पुसायच्या टॉवेलात गुंडाळून नेलं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने पिशवीत काय आहे असं विचारलं. शाळेत सिस्टरांनी आपल्याला शिकवलंच आहे, विचारल्याचं उत्तर सरळ उभं राहून, स्पष्ट आणि पूर्ण वाक्यात द्यायचं. मी म्हटलं, “या पिशवीत एक पिस्तूल आहे.” त्यानंतरचा अर्धा तास फार धांदलीचा गेला. (एक मात्र झालं, रांगेत उभं राहावं लागलं नाही. रांगच उरली नव्हती.)

परवान्याचे साहेब तरुण आहेत, म्हणजे पन्नाशीचे असतील. त्यांनी टॉवेल उलगडला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “आजी, छंदच हवा तर विणकाम करा की.” मी म्हटलं, “करते ना. सुयांना परवाना लागत नाही, म्हणून आजवर आपली गाठ पडली नव्हती.” मग त्यांनी विचारलं, हे चालतं का. नाही. कधी चालत होतं का. माझ्या आठवणीत तरी नाही. मग इतकी वर्षं याचा उपयोग काय केलात? तेव्हा सगळं सांगणं भाग पडलं, की आमचे बाबा कॉन्व्हेंटमध्ये मुलींचे खेळाचे शिक्षक होते, माळीकाका सोडले तर त्या आवारातले एकटेच पुरुष. शाळेला शर्यतीचं पिस्तूल परवडत नव्हतं, म्हणून त्यांनी जुन्या बाजारातून हे आणलं. आणि ते उडत नसल्यामुळे बाबा हात वर करायचे, चाप ओढायचे आणि आवाज स्वतःच्या तोंडाने काढायचे. (जोडीतल्या दुसऱ्या पिस्तुलाचा विषय निघाला नाही. मी काढला नाही.)

“कसा आवाज?” असं साहेबांनी विचारलं. आता तूच सांग, यात माझं काय चुकलं? उभी राहिले, पिस्तूल छताकडे धरलं, बाबांसारखे गाल फुगवले आणि म्हटलं, “ठो.” चहा आणणारा भिंतीला चिकटला. शेजारचा कारकून टेबलाखाली गेला आणि तिथूनच म्हणाला, “मला दोन मुली आहेत हो.” साहेब मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी पेन उचललं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘शस्त्र निकामी. आवाज अर्जदाराचा.’ त्या दिवसापासून ते मला आजी म्हणत नाहीत, बाई म्हणतात.

पुढे डॉक्टरांचा दाखला, अर्जदाराचं डोकं ठिकाणावर असल्याचा. कोणाविषयी मनात राग आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं, इस्त्रीवाल्याविषयी. त्याने आपला टेबलक्लॉथ (तोच, तू फुलं काढलीस आणि मी पानं) मधोमध जाळला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवून विचारलं, तो कोपऱ्यावरचा का. त्यांचाही एक कोट गेला होता. दाखला लगेच मिळाला. मग भिंतीत पक्कं बसवलेलं लोखंडी कपाट हवं. माझ्या घरात जाड भिंत एकच, खिडकीच्या खोलीतली. गवंड्याने इतक्या उत्साहाने बोल्ट ठोकले, की ते शेजाऱ्यांच्या बैठकीत निघाले. मी माफी मागायला गेले, तर शेजाऱ्यांनी एकावर टोपी आणि दुसऱ्यावर छत्री टांगलेली. आता ते बोल्ट कापू देत नाहीत. सोय झाली म्हणतात.

आणि मग साहेब स्वतः पाहणीला आले. बूट पुसून आत आले (मी पाहिल्यावर परत जाऊन नीट पुसून आले). कपाट गदागदा हलवून पाहिलं, तर पलीकडे छत्री पडल्याचा आवाज झाला. सगळं पसंत पडलं. शेवटी त्यांनी पेटी उघडली. आत मखमलीत दोन खोबणी आहेत. एकीत पिस्तूल, दुसरी रिकामी. त्यांनी रिकाम्या खोबणीतून बोट फिरवलं आणि विचारलं, “याचा जोडीदार कुठे?” मी उभी राहिले. बसून असते तर कदाचित काही सुचलं असतं. उभं राहून मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, “तो ताईकडे असतो.” ताईंकडे परवाना आहे का, असं त्यांनी विचारलं. यावर मी त्यांना केक दिला.

तुझ्याकडचं म्हणजे फाउलचं. कोणी आधीच पळालं की बाबा ते उचलून दोनदा ‘ठो’ करायचे. वाटणीत ते तुझ्याकडे गेलं, ते न्यायाला धरूनच होतं. बाबांचे गाल फुगायला लागले की आवाजाच्या आधीच तू सुटायचीस, आणि तीन पायांच्या शर्यतीत माझा पाय तुझ्या पायाला बांधलेला असल्यामुळे फाउल दोघींच्या नावावर लागायचा.

साहेबांनी केकचे दोन तुकडे खाल्ले, पण मुद्दा सोडला नाही. बशी खाली ठेवून जरा हळूच म्हणाले, “बाई, तसंही एका पिस्तुलावर हा परवाना मिळत नाही. कमीत कमी दोन लागतात. एकाला संग्रह म्हणत नाहीत.” ते गेल्यावर मी त्यांची बशी विसळली. मग माझा कप विसळला. रोज एकच कप निघतो, त्यात नवीन काही नाही, पण त्या दिवशी तो पुसून ठेवायला मला फार वेळ लागला. तुझ्याकडेही एकच निघत असेल.

तर मी ठरवलं आहे. परवाना दोघींच्या नावाने मिळतो, मी विचारून आले. महिनाअखेरीला दोन्ही पिस्तुलं आणि दोघी धारक एकाच पत्त्यावर दिसायला हव्यात. पुढे दर वर्षी तपासणी, तेव्हाही दिसायला हव्यात. नाही तर बिजागऱ्या. तू ‘मी कोणाच्या घरी राहणार नाही’ म्हणतेस, ते मला पाठ आहे. पण हा राहण्याचा प्रश्न नाही, कायद्याचा आहे.

कंबरेला शेक घेत जा. उत्तर लिहीत बसू नकोस, निघ.

तुझी,
धाकटी

ता. क. तुझा पत्ता साहेबांनी लिहून घेतला आहे. मी उभी होते. पिस्तूल आणण्याचं परवानगीपत्र त्यांनी दिलं आहे, ते सोबत जोडलं आहे. वाटेत कोणी पिशवीत काय आहे विचारलं, तर आधी ते दाखव आणि मग बोल. पूर्ण वाक्यात बोलू नकोस.

ता. क. दुसरा. लोखंडी कपाटाच्या खोलीत तुझी खाट लावली आहे. न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली आहे. कपाटाला धरून उठता येतं, मी करून पाहिलं. पलीकडे टोपी पडते, पण शेजाऱ्यांची हरकत नाही.

ता. क. तिसरा. वर ‘दोघी धारक’ लिहिलं आहे, ते नियमात नाही. नियम फक्त पिस्तुलांना आहे. सिस्टर सांगायच्या, चूक खोडताना एकच रेघ मारावी, म्हणजे खाली काय लिहिलं होतं ते वाचता येतं. मी रेघ मारायला पेन उचललं होतं. मारली नाही.

ता. क. शेवटचा. पत्र टाकायला निघाले आहे. गाल फुगवले आहेत. तू काही आवाजाची वाट बघणाऱ्यातली नाहीस.