ओटो मास्तरांची घंटा

माझ्याकडची पितळी घंटा फुकट मिळाली, असं मी आजवर सांगत आलो. खरा हिशेब असा: शिकागोतले दोन हिवाळे घरमालकाच्या दारातला बर्फ उपसला आणि त्यांचे बिनमिठाचे उकडलेले बटाटे तारीफ करून खाल्ले. एका माणसाचं आयुष्य ऐकायला मिळालं, म्हणजे स्वस्तच.

मी, गुरुदत्त शंकर तिरोडकर, वय ८०, राहणार नेपरव्हिल, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहीत आहे. कान असे शाबूत आहेत, की स्वयंपाकघरात माझ्याविषयी जे बोललं जातं ते वरच्या मजल्यावर कळतं.

१. घर व बचत पत्नी शोभा हिची.

२. वर्कशॉपमधली लेथ व हत्यारं भाचा अनिश यास. बिघडण्याआधी मशीन कुरकुरतं, ऐकत जा.

३. मराठी मंडळातले प्रताप यांनी गणपतीला नेलेलं माझं मोठं पातेलं त्यांनाच देत आहे. परत तर येत नाही, निदान कायदेशीर होऊ दे.

४. घंटा मुलगी अंतरा हिला. माझ्या मरणाची वाट न पाहता, आजच.

कारण लिहितो. ही घंटा मला देणारे माझे घरमालक ओटो मास्तर मूळचे जर्मनीतल्या खेड्यात शिक्षक. पहिल्या महायुद्धानंतर प्रांताच्या विधिमंडळासाठी उभे राहिले. दोनदा पडले, तिसऱ्यांदा निवडून आले. गणवेशातले नाझी सदस्य आरडाओरडा करून कोणाला बोलू देईनात, तेव्हा मास्तरांनी पिशवीतून शाळेची घंटा काढली आणि वाजवली. लहानपणच्या सवयीने सगळे खाली बसले! पुढच्या वर्षी सत्तेवर येताच त्याच लोकांनी मास्तरांची शाळा काढून घेतली. इकडे येऊन ते एका शाळेत झाडलोट करत.

"पस्तावलात?" मी एकदा विचारलं.

"पण बसले ना, गुरु!" म्हणाले, आणि डोळ्यांत पाणी येईतो हसले.

अंतराने स्कूल बोर्डाच्या निवडणुकीसाठी फॉर्म भरला. पहिल्याच सभेत लोक अंगावर ओरडले, तर आता विथड्रॉ करते म्हणते.

"बाबा, आय विल लूज."

"मी मराठी मंडळाच्या चार निवडणुका लढवल्या, एकही हरलो नाही. माझीच मुलगी ना तू?"

घंटा सोबत ने, बाळा. कोणी बोलत असेल तर वाजवू नकोस. कोणी बोलू देत नसेल तर वाजव.

नेपरव्हिल, २१ नोव्हेंबर २०२४
सही: गु. शं. तिरोडकर

साक्षीदार: यतीन पाटणकर, मंडळाचे माजी सेक्रेटरी, आश्लेषा गोरे, शेजारीण

सहीनंतरची नोंद: वरील मजकूर वाचून अंतराने घंटा उचलली. "फाइन, नाही करत विथड्रॉ. पण माझ्यासमोर पाच जण आहेत. तुमच्यासमोर कोण होतं, बाबा?"

साक्षीदार यतीन यांच्या आग्रहावरून नमूद करतो: चारही वेळा कोणी नव्हतं.