कडेवरची काळपट रेघ

अण्णा, तुमची तंबाखूची डबी आज माळ्यावरून खाली काढली. आत तो बोटाएवढा दगड अजून आहे, तेलाने काळा पडलेला, आणि आईच्या लुगड्याची चिंधी. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्यापेक्षा म्हातारी आहे. डबी काढायचं काही कारण नव्हतं. घर आवरायचं म्हणून बसले आणि आवरायचं राहूनच गेलं. एक गोष्ट तुम्हाला सांगायची होती, ती जन्मभर माझ्या तोंडापर्यंत येऊन परत जायची. आज कागदावर तरी उतरते का बघते.

लालबागची आपली खोली, दुपारची वेळ. चाळीच्या भिंतींवर कोळशाने ‘मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे’ लिहिलेलं, आणि हरताळामुळे ट्राम बंद. तुम्ही कोटातल्या, म्हणजे फोर्टमधल्या, बंदुकांच्या दुकानात मिस्त्री. दुकानाचं दार अर्धं ओढलेलं असायचं, पण शेठना काम हवंच होतं. एका गिरणीच्या साहेबाचं पिस्तूल आलं होतं, चाप जड लागतो म्हणून. “साह्यबाच्या बोटांका सह्यो करूची सवय, चाप जड लागतलोच,” असं म्हणून तुम्ही हसला होता. पिस्तूल दुकानाच्या तिजोरीतच राहिलं. चापाचे दोन-तीन तुकडे तेवढे तुम्ही या डबीत घालून घरी आणलेत, घासून गुळगुळीत करायला. चुलीपाशी माझ्या भाकऱ्या चालल्या आहेत आणि तुम्ही खिडकीखाली बसून दगडावर तेलाचा थेंब टाकता. दोनदा तुकडा फिरवता, पुसता, खालच्या ओठावर टेकवून बघता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता ना, म्हणून ओठ. मी म्हटलं, “चमकत नाही अजून.” तुम्ही म्हणालात, “चकाकी नको गो, सरळ सरकाक होया. आणि तू हात लाव नको.” का नको, ते सांगितलं नाहीत. मुलीला कोण शिकवतो हे काम!

काम झालं तसे तुम्ही समोरच्या खोलीतल्या काकांकडे गेलात. ते त्याच साहेबाच्या गिरणीत साच्यावर कामाला, आणि भजनात त्यांचा पखवाज तर तुमचे टाळ. दोन्ही घरांमध्ये वाटी फिरायची. काकूकडून तिसऱ्या-शिंपल्यांचं सुकं आलं की ती वाटी आपल्याकडून रिकामी परत जायची नाही, काही नसलं तर निदान गुळाचा खडा तरी. तुम्ही गेलात आणि मी डबी उघडली.

एका तुकड्याच्या कडेवर काळपट रेघ राहिली होती. बाकी सगळं नितळ आणि तेवढी कड तशीच. मला वाटलं, तुम्हाला दिसली नाही. शेठ आधीच्या एका कामावरून तुम्हाला बोलले होते, ‘मिस्त्री, नजर गेली तुमची’ असं, आणि तुम्ही त्या दिवशी जेवला नव्हता. आपल्याकडे भांडं घासायचं तर आधी काठ, काळं तिथेच बसतं, आईने मला हेच शिकवलं होतं. मी दगडावर तेल टाकलं आणि कड घासली. रेघ जाईपर्यंत घासली. मग ओठाला लावून बघितली, तुमच्यासारखी. इतकी छान लागली म्हणून सांगू! मला स्वतःचं कौतुक वाटलं, अण्णा.

तुम्ही परत यायच्या आत साहेबाची मोटार दुकानावरून चाळीखाली आली. ड्रायव्हर वर येऊन म्हणाला, “सामान दो, सेठ खुद बिठायेगा.” मी ते तुकडे कागदाच्या पुडीत बांधून दिले. तुम्ही आलात आणि चिडलात. “माका विचारूचा नाय? बसवन बघल्याशिवाय दितत काय?” ट्राम असती तर तुम्ही मागोमाग कोटात गेला असता. शेठने निरोप धाडला, काम एकदम लोण्यासारखं झालंय. ते ऐकून तुम्ही जेवायला बसलात.

चार दिवसांनी गिरणीच्या फाटकावर मोर्चा गेला. काका पुढे होते. साहेबाने पिस्तूल काढलं ते धाक दाखवायला, असं तो पुढे कोर्टात म्हणाला, आणि मला ते खरं वाटतं. बोट नुसतं टेकलं आणि गोळी सुटली. काका फाटकातच गेले. अपघात ठरला, साहेब दुसऱ्या गावी गेला. तुम्हाला शेठने बोलावून तो तुकडा हातावर ठेवला. घरी येऊन तुम्ही भिंतीला टेकून बसलात आणि म्हणालात, “कड ऱ्हवली नाय गो. गोळयेर आपटता तो घोडो अडवून धरता ती कडच. तिका हात लावचो नसता. माझ्या डोळ्यांनी घात केल्यान.” मी पिठाच्या हातांनी उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं. ‘कड मी घासली’, एवढंच बोलायचं होतं.

तुम्ही दुकान सोडलंत, रे रोडला लाकडाच्या वखारीवर रखवालदार झालात. मोतीबिंदू काढा म्हटलं की, “डोळे बरे करून काय बघूचा आसा?” भजन सुटलं. काकूची वाटी येतच राहिली, तिला बिचारीला काय ठाऊक! तुम्ही त्यातला घास खायचा नाहीत. मी खायचे, आणि वाटीत गूळ घालून परत करायचे. तिच्या डोळ्याला डोळा भिडवून, अण्णा. ती गेली तेव्हा तिच्या तोंडात पाणीसुद्धा मीच घातलं.

शेवटच्या आजारात तुम्हाला काहीच दिसत नव्हतं. एका सकाळी मी पेज भरवत होते, तर तुम्ही माझा हात चाचपून धरलात. “त्या दिवशी तू डबी उघडलंस काय गो?” इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, “नाही, अण्णा.” तुम्ही म्हणालात, “बरा झाला,” आणि तोंड उघडलंत, पुढच्या घासासाठी. तुम्हाला स्वतःची सुटका हवी होती की मी सुटले याची खात्री, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे. उत्तर द्यायला कुणी उरलेलं नाही. माफी तरी कुणाकडे मागू? काका गेले, काकू गेली, तुम्ही माझं ओझं घेऊन गेलात.

हा कागद घडी घालून डबीत ठेवीन, दगडाखाली. लिहून टाकलं की हलकं वाटेल अशा आशेने सकाळपासून बसले होते. तसं काही झालं नाही. खरं सांगू? हलकं मला एकदाच वाटलं होतं, तुम्हाला ‘नाही’ म्हटलं तेव्हा.