कुंदाच्या पिशवीतील गुळाबाबत

प्रति,
मेहेरबान शाळातपासनीस साहेब,
अमळनेर विभाग, जिल्हा पूर्व खानदेश.

अर्जदार : झुलाल चिंधा पाटील, धंदा शेती, राहणार मौजे निंबबर्डी, तालुका अमळनेर.

विषय : मुलीला शाळेत परत घेणे व तिच्या पिशवीत गूळ ठेवू देणेबाबत.

संदर्भ : शाळेच्या दारावर डकवलेला आपला हुकूम.

महोदय,

१. अर्जदाराची मुलगी कुंदा, इयत्ता मराठी चौथी, हिला गेल्या वर्षी मधुमेह जडला. हा रोग गादीवर लोळणाऱ्या म्हाताऱ्यांना होतो, पोरीबाळींना होतच नाही, असे हेडमास्तर श्री. रुपचंद यांचे ठाम मत आहे. जळगावच्या डॉक्टरांचे मत निराळे आहे. पण डॉक्टर बिचारे विलायतेपर्यंतच शिकलेले, हेडमास्तर तर ट्रेनिंग कॉलेज पास! त्यामुळे डॉक्टरांचा दाखला त्यांनी न वाचताच परत केला.

२. मुलीची आई धुरपदाबाई तिला सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनची सुई टोचते. औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवावी लागते. भाकरी बेताची आणि गोड बंद. मात्र सुई टोचल्यावर खाणे कमी पडले किंवा धावपळ जास्त झाली, की अंगातली साखर एकदम उतरते. हातपाय कापतात, घाम सुटतो, मुलगी बरळू लागते. तेव्हा ताबडतोब गूळ द्यावा लागतो, नाहीतर ती बेशुद्ध होऊन जिवाला मुकेल. एरवी गोड वर्ज्य आणि त्या वेळी गोड हेच औषध, एवढे साधे हे प्रकरण आहे. आपल्या खात्याला ते समजावे म्हणून अर्जदाराने ते शक्य तितक्या सावकाश लिहिले आहे.

३. सरकारने जर्मनी-जपानवर लढाई जिंकल्याबद्दल शाळेत सरकारी पेढे वाटले. साखर कार्डावर मिळते अशा दिवसांत सर्व मुलांनी हात पुढे केले, कुंदाने केला नाही. हेडमास्तरांनी कारण विचारता ती म्हणाली, "माले गोड खावानं नही, आबानी सांगेल शे." एवढ्यावरून हेडमास्तरांनी ताडले की बाप बंडखोर असून पोरीकरवी सरकारच्या विजयावर बहिष्कार घालतो. बेचाळीस साली हेच हेडमास्तर धोतराचा सोगा धरून कणगीत लपले होते. त्यांना आता बंडखोर शोधण्याचा हुरूप आला, ही आनंदाची गोष्ट आहे.

४. लगोलग पिशवीची झडती झाली. गूळ सापडला. सरकारी पेढा चालत नाही आणि घरचा गूळ चालतो, हा राजद्रोहाचा पुरावा म्हणून गूळ जप्त होऊन कपाटात बंद झाला. नंतर कवायत झाली. कवायतीत कुंदा घामाघूम होऊन कोसळली. हेडमास्तर म्हणाले, "नाटकं करते." त्यांनी तिच्या तोंडावर पाणी मारले आणि मुलांना पाढे म्हणावयास लावले. कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला होती, ती त्यांनी सोडली नाही. शाळेशेजारच्या कमलबाईने आरडाओरडा ऐकून अर्जदारास मळ्यातून बोलावले व घरचा गूळ आणून दिला. अर्जदाराने तो पाण्यात कालवून मुलीच्या गालात थोडाथोडा चोळला, तेव्हा तिने डोळे उघडले.

५. यावर हेडमास्तरांनी अहवाल लिहिला, "गूळ खाताच मुलगी बरी झाली, सबब मधुमेहाचे म्हणणे खोटे." हे वाक्य आपण ग्राह्य धरलेत. साहेब, एवढी अक्कल एका माणसात मावत नाही, ती दोन अधिकाऱ्यांत वाटून घ्यावी लागली. आपला हुकूम असा, की अर्जदाराने लेखी माफी मागावी आणि कुंदाने सर्व शाळेसमोर पेढा खाऊन राजनिष्ठा दाखवावी, मगच तिला वर्गात घ्यावे. पेढा शिळा चालेल की ताजा लागेल, याचा खुलासा हुकुमात नाही.

६. तेव्हापासून मुलगी घरी आहे. काल सुई घेताना ती म्हणाली, "आबा, मी एक पेढा खाई लेसू. मंग ते माले शायामा बसू देतीन ना?" अर्जदार भांडखोर माणूस म्हणून तालुक्यात प्रसिद्ध आहे. तो गोठ्यात जाऊन रडला.

७. सबब माफीनामा सोबत जोडला आहे. त्यात अर्जदाराने राजद्रोह, कट, बहिष्कार आणि हेडमास्तरांस सुचेल तो इतर गुन्हा कबूल केला आहे. पेढे अर्जदार खाईल, चावडीसमोर खाईल, लागतील तितके खाईल आणि प्रत्येक घासाला जयजयकार करील. आपल्याबद्दल व आपल्या खात्याबद्दल त्याच्या मनात तिळभर आदर उरलेला नाही. तरीही तो आपल्या पाया पडतो. मुलीला पेढा देऊ नये, वर्गात बसू द्यावे आणि तिच्या पिशवीतला गूळ कोणी काढून घेऊ नये.

आपल्या दारी वाकलेला,
झुलाल चिंधा पाटील
(कुंदाचा बाप)

मौजे निंबबर्डी, ता. १४ सप्टेंबर १९४५

सोबत : १. डॉक्टरांचा दाखला, या वेळी कृपया वाचावा. २. माफीनामा, तो न वाचला तरी चालेल.